भेगाईचं माप

ढेबेवस्ती, पालीच्या वर,
तालुका वेल्हे (आता राजगड म्हणायचं),
सोमवार, १९ मे २०२५

चि. मोहिनी,

वहिनीचा आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नको. आजकाल पत्र आलं की माणसाला वाटतं कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं न्हाई. तुझा दादा बरा आहे, तुझी आई, आमच्या आत्याबाई, खोकल्यासकट बऱ्या आहेत, काळ्या गाईला कालवड झाली. माझा उजवा गुडघा तेवढा माझं ऐकत न्हाई, पण त्याचं रडगाणं तुला किती सांगायचं. झऱ्यावरून दोन हंडे घेऊन चढताना मी रोज म्हणते, हे शेवटचं वरीस. अशी आठ-नऊ शेवटची वरसं झाली.

तुला वाटेल, खिंडीत जाऊन फोन करायचा सोडून वहिनीला हे काय सुचलं. अगं, फोन केला की. मार्चमधल्या तुझ्या परिषदेवरून आल्यापासून चार वेळा केला, रेंजच्या दगडावर उभी राहून. तू विचारायचीस, काय विशेष? आणि मी म्हणायची, काही न्हाई, सहज. एकदा तर लोणच्याला कैऱ्या पाठवू का, एवढं विचारून फोन ठेवला. कैऱ्यांसाठी कोण एवढी चढण चढतं, हे तुझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. पण तुझं डोकं मोठ्या कामात, तुला काय बोलू.

म्हणून कागद घेतला. ह्याला मधेच "ठेवते हं" म्हणता येत न्हाई.

आधी त्या परिषदेचंच लिहिते. वस्तीवर अजून तेच चाललंय. ठकुबाई दिसली की विचारते, गोरी माणसं जेवत काय होती? सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तू तुझ्या हाताखालच्या शेफालीला गाडी घेऊन पाठवलंस, ती पोरगी लई गुणाची. तिनं माझ्या गळ्यात नावाची पट्टी अडकवली आणि वाचून दाखवली, रत्ना ढेबे, निरीक्षक. मी म्हटलं, बाई गं, निरीक्षक म्हंजे शाळा तपासायला येतात ते. ती म्हणाली, न्हाई, तुम्ही डोंगर तपासता. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पंचवीस वर्षं झाली लग्न होऊन, शेण, शेरडं आणि हंडे सोडून कुठली पट्टी माझ्या गळ्यात पडली न्हवती.

आत काय गारठा होता. मी शाल मागितली तर शेफाली म्हणाली, हितं मशीनला गार लागतं, माणसानं सोसायचं. मोठमोठे शास्त्रज्ञ एकामागून एक उभे राहिले. ह्याला बीजभाषण म्हणतात, हे तिनंच सांगितलं. म्हटलं, पेरायचं भाषण दिसतंय. पहिला समुद्राच्या तळाबद्दल बोलला, तो माझ्या डोक्यावरून गेला. मग ती उंच बाई, पांढऱ्या केसांची, बर्फाच्या नद्यांवर बोलली. तिनं पहिल्यांदा मोजलेली एक नदी आता उरलीच न्हाई म्हणाली, आणि पाणी प्यायला थांबली. मला वाटलं, ही पण माझ्यासारखीच दमलीय. एकाच जागेला वरसानुवरसं माप लावायचं, आणि जागाच राहायची न्हाई.

तिच्यानंतर ते जपानचे म्हातारे बाबा उठले. डोंगर खचतात त्यावर त्यांचं भाषण होतं. शेफाली माझ्या कानात मराठीत सांगत होती.

ते काय म्हणाले ते उद्या लिहिते. शेरडं वरडायला लागलीत.

मंगळवार, २० मे

काल लिहायचं ते लिहिलंच न्हाई. कैऱ्या झाल्या, गारठा झाला, बर्फ झाला. आत्ता बाहेर ढग भरलेत, कालपासून वळवाच्या सरी चालू आहेत. आज लिहिल्याशिवाय उठायचं न्हाई. हा कागद तुला पुढं दुसऱ्यांना दाखवावा लागेल, म्हणून तुला ठाऊक असलेलंही पहिल्यापासून लिहिते.

चार वरसांमागं, जुलैतल्या त्या पावसात, वस्तीच्या वरच्या गवताळीला आडवी भेग पडली. तू आलीस आणि भेगेच्या दोन्ही अंगांना दोन लोखंडी खुंट्या ठोकल्यास, एक वर, एक खाली. मला टेप दिलास, वही दिलीस, आणि सांगितलंस, वहिनी, दर सोमवारी दोन्हींमधलं अंतर मोज आणि कळव. पहिलं माप एकशे एकतीस सेंटीमीटर. दोन वरसांत ते एकशे चाळीस झालं. त्या वेळी तालुक्याच्या कचेरीतली माणसं आली होती, वस्ती खाली पालीला हलवू म्हणाली. आठ घरांत हो म्हणणारी मी एकटी. हरिबामामंजी तेव्हापासून मला "पालीकरीण" म्हणून चिडवतात.

मग माप थांबलं. एकशे चाळीस, एकशे चाळीस, दीड वरसापेक्षा जास्त काळ एकशे चाळीस. कचेरीची माणसं यायची थांबली. तू म्हणालीस, डोंगराला त्याची बैठक सापडली.

मोहिनी, ते माप खरं होतं. प्रत्येक सोमवारी टेपवर जे दिसलं तेच मी कळवलं, त्यात मी एक बोटभर खोटं केलं न्हाई. खोटी खुंटी होती.

दोन वरसांमागच्या नवरात्रात आत्याबाई वर गेल्या आणि खुंट्यांना शेंदूर लावला. म्हणाल्या, तोरण्यावर मेंगाई, तशी आपल्या डोंगरावर ही भेगाई, दोघी बहिणी भेगेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून डोंगर धरतात. दोघींच्या मधे त्यांनी लाल दोरा बांधला, ताठ. दोरा तुटू द्यायचा न्हाई, ढिला पडू द्यायचा न्हाई, असं ठरलं. मला त्यात वावगं वाटलं न्हाई. उलट वाटलं, बरं झालं, आता पोरंटोरं खुंट्यांशी खेळणार न्हाईत, शेरडं कुणी बांधणार न्हाई.

सर्वपित्री अमावास्येला, पुढच्या वरसाच्या, खालची भेगाई वाकडी झालेली दिसली. त्याच्या आधीही दोनदा झाली होती. देव वाकडा ठेवत न्हाईत, हे तुला मी काय सांगू. आत्याबाईंनी नारळ फोडला, तुझ्या दादानं खुंटी उपटली, आणि दोरा ताठ बसेल अशी, जरा वरच्या अंगाला, सरळ ठोकली. खुंटी धरायला कोण होतं? मी होते. दोऱ्याला बोट लावून बघायला कोण होतं? मीच. आणि दुसऱ्या सोमवारी टेप घेऊन मीच गेले. दोरा तेवढाच, म्हणून माप तेवढंच, एकशे चाळीस.

भेगेत शेरडाचा पाय अडकून मोडतो, म्हणून आमी तीत माती न् पाला लोटत होतो. तू गेल्या दिवाळीनंतर आलीस तेव्हा भेग बुजली बघून खूश झालीस. शेंदूर बघून हसलीस, फोटो काढलास. खुंटीच्या खाली ओळीनं मांडलेले शेंदराचे दगडही फोटोत आलेत. ते दगड कसले, हे तू विचारलं न्हाईस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, तेव्हा माझ्या पोटात काही न्हवतं. शिकलेल्या माणसानं देवाबद्दल काही विचारलं तर आमाला वाईट वाटेल, असं तुला वाटलं असणार. तुझं तुझ्याच आईशी असं अवघडल्यासारखं वागणं मला कधी आवडलं न्हाई, हे आज लिहून टाकते.

आता ते जपानचे बाबा. ते म्हणाले, मी तरुण असताना एका गावावरच्या डोंगरात खांब रोवले होते. तपासायला मोठे साहेब येणार म्हणून आमच्या गड्यांनी वाकडे झालेले खांब सरळ करून ठेवले. मी त्यांना शाबासकी दिली. मग पडद्यावर त्यांनी त्या गावाचा फोटो लावला. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला नुसती माती. शेफाली माझ्या कानात म्हणाली, ते म्हणतायत, खांब वाकतो तेव्हाच तो खरं बोलत असतो, त्याला सरळ करू नका.

मी पदर आवळून घेतला. शेफालीनं विचारलं, मामी, गार लागतंय का? मी हो म्हटलं.

त्यांच्यानंतर चहाची सुट्टी झाली आणि पुढचं भाषण तुझं होतं. सुट्टीत तू आलीस. तुझे हात थंडगार होते. माझी पट्टी सरळ केलीस आणि म्हणालीस, "वहिनी, भ्यायचं न्हाई. मी नाव घेतलं की नुसतं उभं राहायचं." मला बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी म्हटलं, चहा चांगला आहे.

मग तू बोललीस. सगळं इंग्रजीत, पण आपला डोंगर मी ओळखला. पडद्यावर एक लाल रेघ चढत गेली आणि मग आडवी झाली, सपाट. ती सपाट रेघ म्हंजे आत्याबाईंचा दोरा होता गं. आणि तू तेवढं एक वाक्य मराठीत बोललीस, "आमचा डोंगर निजला," आणि त्याचा अर्थ त्या लोकांना सांगितलास. मग माझा फोटो आला, टेप घेऊन वाकलेली मी. चार वरसांत हिचा एकही सोमवार चुकला न्हाई, असं म्हणालीस. सगळी जगभरची माणसं टाळ्या वाजवत होती. मी उभी राहिले, हात जोडले. ते जपानचे बाबा माझ्याकडं बघून मान लववत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

का बोलले न्हाई? चौथीतली होतीस तू, मी ह्या घरात आले तेव्हा. तुझी वेणी मी घातली, पालीच्या शाळेत तुला मी सोडायला यायची. तिथं सगळ्यांसमोर तुझी मान खाली गेली असती ती माझ्यामुळं, हे मला झेपलं न्हाई. आणि वस्तीवर बोलायचं तर दुसरीच अडचण. मी पालीकरीण. मला खाली जायचंय हे सगळ्यांना ठाऊक. डोंगर जागा आहे असं मी म्हटलं तर कोण म्हणेल खरं? असं म्हणत म्हणत दोन महिने गेले. मला वाटायचं, उद्या करू फोन.

काल एक काम केलं ते लिहिते. आत्याबाई म्हणतात, देवाची जुनी जागा उघडी ठेवू नये. म्हणून खुंटी उपटली की त्या भोकात त्या दगड बसवतात आणि शेंदूर लावतात. असे पाच दगड आहेत, कुठला कुठल्या अमावास्येचा हे आत्याबाईंना तोंडपाठ आहे. काल मी वरच्या भेगाईपासून पहिल्या दगडापर्यंत टेप लावला. तिथं एकशे चाळीस यायला पाहिजे होतं. एकशे त्र्याण्णव आलं.

गुरुवार, २२ मे, पालीच्या शाळेचा ओटा

मोहिनी, मी खाली आलेय. सुट्टी आहे, शाळा रिकामी आहे. सात शेरडं संगं आहेत, आणि कालवडीला घेऊन काळी गाय. तुझा दादा आला न्हाई. आत्याबाई आल्या न्हाईत. आठही घरं वरच आहेत.

काय झालं ते थोडक्यात सांगते. मंगळवार-बुधवार पाऊस लागून राहिला, आणि काल सकाळी दोरा तुटलेला दिसला. खालची भेगाई इतकी झुकली होती की डोकं गवताला लागत होतं. सगळी माणसं नारळ न् पहार घेऊन जमली. मी खुंटीला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, आता हिला हात लावायचा न्हाई. मग जे तुला लिहिलंय ते सगळं त्यांना सांगितलं. जपानच्या बाबांचं गाव सांगितलं, दगडांचं माप सांगितलं.

हरिबामामंजी म्हणाले, पालीकरणीला खाली जायचंय हे काय आज कळलं व्हय? बाया हसल्या. तुझ्या दादानं खिशातनं मोबाईल काढला. तुझं भाषण त्यात भरून ठेवलंय, तुला ठाऊक आहे, येईल त्याला दाखवतो. त्यानं तेवढाच तुकडा लावला, "आमचा डोंगर निजला," आणि पुढं टाळ्या. म्हणाला, हिनं चार बुकं जास्त वाचलीत का माझ्या बहिणीनं? मी म्हटलं, अहो, तिला आकडे मीच दिले. त्यावर तो म्हणाला, "मग तवा तितंच का न्हाई बोलली?"

मी बाजूला झाले. त्यांनी भेगाई सरळ केली, नवा दोरा बांधला, सहावा दगड बसवला. सगळे गेल्यावर मी पुन्हा पहिल्या दगडाला टेप लावला. दोनशे सहा. दोन दिवसांत तेरा सेंटीमीटर, मोहिनी. हे मला कळतंय तर तुला किती कळेल.

आज सकाळी मी शेरडं सोडली आणि चालायला लागले. कोणी अडवलं न्हाई, कोणी आलंही न्हाई. पालीत उतरल्या उतरल्या तुला फोन लावला, बंद आला. मग शेफालीला लावला, ती म्हणाली, मॅडम विमानात आहेत, संध्याकाळी घरी येतील. तिला दगडांचे फोटो पाठवलेत. ऐकून ती रडायला लागली, मग सावरली आणि म्हणाली, मामी, सगळं लिहून सही करून पाठवा, मॅडमना भाषण मागं घ्यायला लेखी लागेल. भिमा दुधाचा टेम्पो घेऊन दुपारी पुण्याला निघतोय, तो हा कागद तुझ्या हातात देईल. पोलीस पाटलांनाही सांगितलं. ते म्हणाले, मॅडमचा अहवाल उलटा आहे, त्यांनी आज नवा दिला तर आज वस्ती उठवतो.

तर आता असं आहे. सगळं तुझ्यावर आलंय, आणि आणलंय मी. त्या जपानच्या बाबांना कळव, त्या बर्फाच्या बाईला कळव, ज्यांनी ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांना कळव की निरीक्षकाचं चुकलं. माझं नाव घालून कळव, झाकू नको. तुझं नाव खराब होईल, ते मला ठाऊक आहे. त्याची माफी कशी मागायची हे मला सुचत न्हाई आणि आता सुचायची वाट बघायलाही वेळ न्हाई.

पण ते सगळं नंतर. आधी वर ये. निघताना मी आत्याबाईंच्या पाया पडले, हाताला धरून उठवायला बघितलं. त्या भेगाईच्या पुढं घोंगडी टाकून बसल्यात. मला म्हणाल्या, "माझ्या लेकीनं समद्या जगाम्होरं सांगितलंय डोंगर निजला. ती येऊन म्हणंल उठला, तवा म्या उठीन."

वाट बघते,

तुझी चुकलेली वहिनी,
रत्ना सिद्धनाथ ढेबे
(सही माझीच आहे, शुद्धीत केली आहे.)